निळी केबल चुकीच्या भोकात होती

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो. खरं सांगायचं तर जेवताना टाइमपास म्हणून. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... मी वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, ह्या लोकांना आठवडाभर माझ्यासोबत फिल्डवर पाठव, घाटाखालच्या उन्हात सगळी भुतं आपोआप उतरतील. माझा धंदाच असा आहे की दिवा लागला म्हणजे सप्लाय आहे, नाही लागला म्हणजे नाही. मधलं काही नसतं. निदान तोपर्यंत तरी मला तसंच वाटायचं.

आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मी खामगावचा. नाव निलेश समजा. एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो — म्हणजे कंपनीच्या कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे आहे, पण तालुक्यातले लोक 'इंजिनिअर साहेब' म्हणतात, मीही नाही म्हणत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पट्टा माझ्याकडे. कुठे लिंक बंद पडली की बाइकला किक मारायची आणि निघायचं.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचा राउटर घरच्या वायफायच्या डब्यासारखा नसतो. चांगला जड असतो, लोखंडी रॅकमध्ये स्क्रूने कसलेला. त्याच्या एका कडेला तीन भोकं असतात — कन्सोल, ऑक्स आणि मॅनेजमेंट. ह्यांच्यातून गावाचं इंटरनेट जात नाही, ही आमच्यासारख्यांची दारं. नेटवर्क पूर्ण झोपलं, बाहेरून कितीही हाका मारल्या तरी राउटर ओ देईना, की एक चपटी निळी केबल घेऊन त्याच्यापाशी जायचं. एक टोक लॅपटॉपला, दुसरं कन्सोलला. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत राउटर आपलं दुखणं सांगायला लागतो.

गंमत अशी की तिन्ही भोकं दिसायला सारखीच. निळी केबल तिन्हींत बसते, 'टक' असा आवाजही तसाच येतो. पण मॅनेजमेंटच्या भोकात घातली तर काही बिघडत नाही आणि काही दिसतही नाही. पडदा कोराच राहतो. दोघांची बोलायची रीतच वेगळी आहे, त्या भोकातून ह्या केबलवर एक अक्षरसुद्धा येऊ शकत नाही. ही चूक प्रत्येक नवा माणूस एकदा करतोच, आणि जुना माणूस घाईत असला की करतो. एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं मला शिकवलं प्रभाकर काकांनी. अमडापूरचे. आधी टेलिफोनच्या कामात होते, नंतर आमच्या कंपनीत आले. नात्याचे नाहीत, पण मी त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांची एक सवय होती. कुठल्याही साइटवर पोहोचले की बॅग खाली ठेवायची आणि इमारतीला बाहेरून एक पूर्ण चक्कर मारायची. पाऊस असो, चिखल असो, मागे उकिरडा असो. चक्कर झाल्याशिवाय रॅकला, पॅनलला, कशालाच हात लावायचा नाही.

"ज्याच्या घरात हात घालाचा हाये, त्याच्या घराभोवती पहिले फिरून या लागते बे," असं म्हणायचे. आम्ही पोरं त्यांना 'परिक्रमावाले काका' म्हणायचो. त्यांना माहीत होतं. चिडायचे नाहीत.

त्यांनी ते राउटरमध्येसुद्धा घालून ठेवलं होतं. राउटरला केबल जोडली की सगळ्यात आधी एक सूचना दिसते, बहुतेक ठिकाणी 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' छापाची. काकांनी कॉन्फिगर केलेल्या राउटरवर इंग्रजी अक्षरांत यायचं — पहिले चक्कर मार. बस, एवढंच. एकदा पुण्याचा कोणीतरी मोठा साहेब पाहणीला आला, त्याने ते वाचलं आणि मेल पाठवला की असलं काही चालणार नाही. मग सगळ्या राउटरवरून ते काढावं लागलं. काढायचं काम माझ्याकडेच आलं होतं. पुढे काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अमडापूरला खाटेवर असतात. डावा हात थोडा हलतो.

आता त्या दिवसाचं.

हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस होते. वरवट बकालच्या पुढे आमचं एक सेंटर आहे — नेमकं कुठे ते सांगत नाही, नोकरी करायची आहे. एक हॉल, मागे जनरेटर, आणि एका खोलीत आमचा राउटर. त्याच्यावर आजूबाजूच्या बऱ्याच गावांचं चालतं. सकाळी लिंक गेली. रेशन दुकानात अंगठा लागेना, बँकेत पासबुक भरेना. अकोल्याहून आमच्या सरांचे फोनावर फोन.

वरवटच्या स्टँडवर चहाला थांबलो तर तिथे आमचे भाऊजी भेटले. माझ्या सख्ख्या ताईचा नवरा. सोनाळ्याला राहतात, लाईनमन आहेत. ह्या पट्ट्यात काम असलं की त्यांची-माझी गाठ पडतेच. इकडच्या खाऱ्या पाण्याच्या चहावरून त्यांचं ठरलेलं एक वाक्य आहे — "साखर कमी, मीठ बरोबर." ते त्यांनी म्हटलं.

"भाऊजी, आज कुठं जाऊन राह्यले?" मी विचारलं.

"सोनाळ्याकडेच. एक डीपी उडाली. तुह्या ताईनं दुपारी जेवाले बोलावलं तुले, अंबाडीची भाजी केली म्हने. येजो, नाईतर माह्यावर बोंबलंन."

"लिंक आली की येतो."

"तुही लिंक काई येत नाई. मी तुह्या वाटची खातो." हसत निघून गेले.

म्हणजे माझ्या डोक्यात पक्कं होतं — भाऊजी सोनाळ्याकडे गेले.

सेंटरवर पोहोचलो तर लाईट नाही. राउटर बॅटरीवर कसाबसा चालू, आणि बॅटरी संपत आल्याचं यूपीएस बोंबलून सांगत होतं... पीप, पीप, पीप. तिथे तायडे म्हणून शिपाई आहेत, वयाने मोठे. ते म्हणाले, "साहेब, लाईट सकाळपासून येऊन-जाऊन राह्यली. जनरेटर लावा अन् मोकळे व्हा."

मी चक्कर मारली नाही. काका खाटेला लागल्यापासून कोणीच मारत नाही. आधी राउटरची नाडी बघू म्हणून लॅपटॉप उघडला, निळी केबल काढली, रॅकच्या अंधारात हात घालून चाचपत टोचली. टक. आमच्याकडे नियम आहे, काही करायच्या आधी जोडणीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. तो टाकला. एंटर मारला. काही नाही. परत मारला. काळा पडदा.

मला वाटलं राउटर अडकला, व्होल्टेज कमी पडतंय. तेवढ्यात सरांचा फोन. "निलेश, काय चाललंय? वरून विचारतायत." यूपीएसचा आवाज जलद झाला होता. मी म्हटलं, "सर, जनरेटर घेतो, लगेच करतो."

जनरेटरचं बटण त्याच खोलीत, भिंतीवरच्या पॅनलमध्ये आहे. पॅनल उघडलं. हिरव्या बटणावर माझा अंगठा होता — टेकलेला होता. छाती उगीचच धडधडत होती. आता वाटतं, कशाची धडधड होती ती? तेव्हा वाटलं सरांच्या फोनची.

"साहेब," मागून तायडे म्हणाले, "आलं ना काईतरी तुमच्या टीव्हीवर."

मी वळलो. काळ्या पडद्यावर एक ओळ होती.

पहिले चक्कर मार.

खाली कर्सर लुकलुकत होता. मी जाऊन एंटर मारला. तीच ओळ पुन्हा आली. पुन्हा मारला. पुन्हा तीच.

सगळ्यात आधी मला राग आला. वाटलं कोणीतरी ऑफिसमधून चेष्टा करतंय. मग लक्षात आलं की लिंक बंद आहे, बाहेरून ह्या राउटरवर कोणी येऊच शकत नाही. मग दुसरं लक्षात आलं आणि मानेवर काटा आला. हा राउटर जुना नव्हताच. काका खाटेला लागल्यानंतर बसवलेला. डब्यातून मीच काढला, मीच कॉन्फिगर केला. त्याच्यात ती ओळ कधी नव्हती!

"काय लिवलं हाये?" तायडेंनी विचारलं. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत.

"काही नाही," मी म्हटलं, "आलो बाहेरून."

मी भुताला मानून बाहेर पडलो नाही हो. खरं तर त्या खोलीत थांबावंसं वाटेना, म्हणून पडलो. पाय मात्र आपोआप उजवीकडे वळले, काका वळायचे तसे.

इमारतीच्या मागे आलो आणि बघतो तर खांबावर माणूस. आमच्याच इमारतीला जोडणाऱ्या खांबावर. कमरेला पट्टा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, दोन्ही हात तारेत. भाऊजी.

"काय बे साळेबुवा," वरून ओरडले, "तुह्याचसाठी चढलो पाय! जम्पर जळला होता हा, तारेचा जोड. सायबानं अर्ध्या वाटेतून वापस बलावलं."

"गाडी कुठे तुमची?"

"दुसऱ्याच्या गाडीवर आलो, तो गेला सामान आनाले. भेव नको, सबस्टेशनवरून बंद घेतली लाईन."

मी हात हलवला. तरीही मला भीती अशी वाटली नाही. कारण जनरेटर आणि लाईन ह्यांच्या मध्ये एक चेंजओव्हर असतो — मोठा खटका. एका वेळी एकच जोडणार, एक तर लाईन नाही तर जनरेटर. जनरेटरचा करंट उलटा खांबावर जाऊ नये म्हणूनच तो असतो. मी मनात म्हटलं, चला, झाली चक्कर, जाऊ आत. पण चक्कर पूर्ण झाली नव्हती. एक भिंत राहिली होती.

त्या भिंतीवर चेंजओव्हरची पेटी आहे. तिचं दार तारेने बांधलेलं होतं. मी तार सोडली.

खटका जळून काळा झालेला. आणि कोणीतरी — कोण ते अजून कळलं नाही, कबूलही कोणी करत नाही — तो काढून टाकून लाईनच्या वायरी आणि जनरेटरच्या वायरी एकमेकींना पिळून, वर टेप गुंडाळून दिला होता. डायरेक्ट. मध्ये काहीच नाही.

मी बटण दाबलं असतं तर जनरेटरचा करंट ह्या वायरीतून सरळ त्या खांबावर गेला असता. भाऊजींच्या दोन्ही हातांत. सबस्टेशनवरून लाईन बंद होती म्हणून ते निर्धास्त होते. आणि आतून मी...

मी तिथेच खाली बसलो. मला ताईची अंबाडीची भाजी आठवत होती, दुसरं काही नाही. मग एकदम आठवलं की खोलीत तायडे एकटे आहेत, आणि "जनरेटर लावा अन् मोकळे व्हा" हे त्यांचंच वाक्य. कसा पळालो मलाच माहीत. तायडे पॅनलसमोर उभे होते. हात मागे बांधून, नुसते बघत. मी त्यांना इतक्या जोरात बाजूला ओढलं की ते पडता पडता वाचले.

"काऊन बाप्पा, काय झालं?"

जनरेटरची मेन वायर सोडवून टाकली, तेव्हा कुठे श्वास घेतला.

भाऊजी खाली उतरल्यावर त्यांना पेटी दाखवली. त्यांनी त्या पिळलेल्या वायरींकडे पाहिलं. एरवी दर वाक्याला मस्करी करणारा माणूस... डोक्याचा दुपट्टा सोडला, तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "तुह्या ताईले सांगू नको."

लाईट आली. यूपीएस गप्प झालं. मी लॅपटॉपपाशी गेलो तर पडदा पुन्हा कोरा, एक अक्षर नाही. एंटर मारत राहिलो, काही नाही. शेवटी टॉर्च लावून रॅकमध्ये पाहिलं.

निळी केबल मॅनेजमेंटच्या भोकात होती.

ती काढून कन्सोलला लावली, तेव्हा राउटर बोलायला लागला. 'परवानगीशिवाय प्रवेश नाही.' पूर्ण कॉन्फिगरेशन चाळलं. काकांची ओळ कुठेही नाही.

पुण्याच्या एका हुशार मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, तू मध्ये केबल बदलली असशील, घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. ठीक. पण मी ग्रुपवर टाकलेल्या फोटोतही केबल मॅनेजमेंटलाच आहे, आणि परत आलो तेव्हाही तिथेच. तो म्हणाला, लॅपटॉपमध्ये जुनं काही राहिलं असेल. लॅपटॉप नवा, काकांच्या एकाही राउटरला कधी लागलेला नाही. पडद्यावर जे येतं त्याची नोंद लॅपटॉप आपोआप ठेवतो, ती उघडली तर रिकामी. मग तो म्हणाला, तुला भास झाला. हे मी मान्य केलं असतं. पण पडद्यावर काहीतरी आलं हे आधी मला दिसलंच नव्हतं, तायडेंना दिसलं होतं. ते आजही सांगतात, "पांढरं पांढरं आलं होतं, एकच ओळ."

त्याच रविवारी मी अमडापूरला गेलो. काकांना बघायला म्हणून. काकूंना काही सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं आणि मी काही बोलायच्या आधीच काकांकडे मान करून सुरू झाल्या.

"बरं झालं आला बापा. या हप्त्यात यायनं लय भेवाडलं मले. माहा गुरवार होता, पूजाले बसली तं यायचं हे बोट सुरू झालं." त्यांनी आपलं डावं बोट चादरीवर गोल गोल फिरवून दाखवलं. "असं. थांबेच ना. धरलं तरी हिसका देऊन फिरवे. डोये निरे लाल. दुपारी आपोआप थांबलं अन् असे झोपले का संध्याकाळीच उठले."

माझा प्रसंग गुरुवारचाच. मी पाण्याचा गिलास खाली ठेवला.

काकू आत गेल्यावर मी काकांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. खांब, पेटी, ओळ. मला वाटलं त्यांच्या डोळ्यांत काहीतरी दिसेल. काही दिसलं नाही. ते नेहमी बघतात तसे माझ्याकडे बघत राहिले, तोंडाच्या कडेने लाळ आली ती मी पुसली. निघताना पाया पडलो. एवढंच.

तेव्हापासून मी प्रत्येक साइटला चक्कर मारतो. पोरं हसतात, हसू दे. भाऊजींचं आणि माझं फोनवर एक ठरलेलं झालं आहे. मी विचारतो, "वर का खाली?" ते म्हणतात, "खाली." मग पुढचं बोलणं. ताईला वाटतं आम्हा दोघांचं काहीतरी बिनसलंय, हा काय प्रकार. तिला अजून माहीत नाही.

इथेच संपवणार होतो. म्हणजे लिहायचं ठरवलं तेव्हा एवढंच होतं. स्पष्टीकरण कोणाकडे असेल तर द्या, माझ्याकडे नाही, असं लिहून मोकळा होणार होतो.

पण आज दुपारी, सुट्टी म्हणून घरी हे टाइप करत बसलो असताना काकूंचा फोन आला.

"निलेश, कुठं हायेस तू?"

"घरीच आहे काकू. काऊन?"

"काई नाई... यायचं बोट पुन्हा फिरून राह्यलं."

मी फोन ठेवला आणि आधी भाऊजींना लावला. रिंग वाजत राहिली... वाजत राहिली. उचलला. "खाली हाओ बे, खाली. जेवून राह्यलो." मागून ताईचा आवाज आला. मग मी घराभोवती चक्कर मारली. गॅस पाहिला, मीटर पाहिला, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. बायको, पोरगी दोघी आत टीव्ही बघतायत. सगळं जागच्या जागी आहे. मग अमडापूरला परत फोन लावला आणि विचारलं, थांबलं का?

काकू म्हणाल्या, "नाई बापा. जोरानं फिरून राह्यलं."

मी पुन्हा चपला घालतोय.